सल्ला हवा: केन बर्न्सची 'कंट्री म्युझिक' मालिका लेकीबरोबर बघावी का?

केरीकर
आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, केरीला. लेक सातवीत आहे. महिन्यापूर्वी शाळेतून बँजो घेऊन आली. सासूबाई सध्या इथेच आहेत, त्यांना वाटलं विसर्जनाच्या मिरवणुकीतला, टाइपरायटरसारखी बटणं असलेला बँजो. हा निघाला कातडं ताणलेला, लांब मानेचा. असो. परवा वर्गातल्या एका मुलाने तिला ऐकवलं, "हे आमचं म्युझिक आहे, तुमचं नाही." तेव्हापासून बँजो कपाटामागे.
लायब्ररीत ही मालिका आहे, अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या इतिहासावरचे माहितीपट. आठ भाग, सोळा तास. सगळं बघायला बसवलं तर ती मलाच कपाटामागे ठेवेल. त्यात कृष्णवर्णीयांना, बायकांना नीट जागा आहे का? कुठून सुरू करू?

तंबोरा_जुळेना
पहिला भाग, डोळे मिटून. बँजो मुळात पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचा, हे त्यात येतं. जुने बँजो भोपळ्याचे असत, आपल्या तंबोऱ्यासारखाच वाळवलेला भोपळा, वर कातडं. सेनेगल-गांबियाकडचे जोला लोक आजही अकॉन्टिंग नावाचं वाद्य वाजवतात. नख वरून खाली तारेवर मारायचं आणि अंगठा आखूड तारेवर. लेकीला 'क्लॉहॅमर' ही बँजो वाजवायची जुनी पद्धत शिकवत असतील तर हात तोच आहे, तिला करून दाखवायला सांगा.
आणि डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय वादक चुकवू नका. नॅशव्हिलच्या रेडिओवर माउथ ऑर्गनवर आगगाडी काढायचा. 1927 मध्ये त्याची आगगाडी वाजून झाल्यावरच निवेदकाने कार्यक्रमाला 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव दिलं. त्याच ऑप्रीने 1941 मध्ये त्याला काढलं आणि पुढे त्याने बूट पॉलिशचं दुकान चालवलं. कंट्री म्युझिकच्या हॉल ऑफ फेममध्ये (मानकऱ्यांच्या यादीत) घेतला 2005 साली, जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर.

उलटा_पाढा
मालिका मलाही आवडली, पण एक गोष्ट खटकली. काळा माणूस येतो, गोऱ्या नायकाला शिकवतो आणि पडद्याआड जातो. टी-टॉट पेन येतो तो हँक विल्यम्सचा गुरू म्हणून, आर्नल्ड शुल्ट्झ बिल मन्रोचा म्हणून. लेस्ली रिडल तर तुमच्याच राज्यातला, बर्न्सव्हिलचा. एक पाय गेलेला गिटारवाला. ए. पी. कार्टर या गोऱ्या गायकाबरोबर गावोगाव गाणी गोळा करत हिंडायचा. कार्टर शब्द लिहून घेणार आणि चाल रिडल डोक्यात ठेवणार. रेकॉर्डवर नाव कार्टरचं. अशा माणसावर स्वतंत्र तासभर हवा होता.

तंबोरा_जुळेना
मुद्दा मान्य, पण दाखवणार काय? शुल्ट्झचं एकही रेकॉर्डिंग नाही, पेनचंही नाही. खरी वाटणी 1920 च्या दशकात कंपन्यांनी केली. काळ्यांच्या तबकड्या 'रेस', गोऱ्यांच्या 'हिलबिली', गाणं दोन्हीकडे तेच असलं तरी. चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाला मात्र मालिकेने भरपूर वेळ दिलाय. 1966 मध्ये त्याची पहिली रेकॉर्ड रेडिओवाल्यांना फोटोशिवाय पाठवली होती, रंग कळू नये म्हणून. बायकांची बाजू तर भक्कमच आहे: मेबेल कार्टर, पॅट्सी क्लाइन, लोरेटा लिन, डॉली पार्टन.

कोल्हापुरी_साज
जरा अवांतर. कंट्रीतला तो रडका, घसरत जाणारा स्टील गिटार हवाईहून आलाय. तोच आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणून हिंदी गाण्यांत शिरला. आमचे काका मांडीवर आडवा घेऊन, लोखंडी दांडी फिरवत वाजवायचे. 'आमचं म्युझिक' म्हणणाऱ्या पोराला हेही कळू दे.

डरहॅमवाली
केरीकर, मालिका 1996 ला थांबते, त्यामुळे पुढचं आपणच जोडायचं. तुमच्या घरापासून तासाभराच्या आत मेबन आहे. तिथले फिडलवादक जो थॉम्पसन 2012 मध्ये गेले. त्यांच्याकडे जाऊन शिकलेल्या कृष्णवर्णीय पोरांनी कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड काढला आणि ग्रॅमी मिळवलं. त्यातली रिअ‍ॅनन गिडन्स या मालिकेतही बोलते. लेकीला ती आधीच माहीत असणार, फक्त नाव माहीत नसेल: बियॉन्सेच्या 2024 च्या 'टेक्सस होल्ड एम' या गाण्यातला बँजो तिचाच. त्या गाण्याच्या अल्बममध्ये लिंडा मार्टेलचा आवाज आहे. 1969 मध्ये ऑप्रीत गाणारी पहिली कृष्णवर्णीय एकल गायिका. तिचा 1970 चा अल्बम ऐकाच.
माझा क्रम: आधी बियॉन्से, मग गिडन्स, मग पहिला भाग. बाराव्या वर्षी उलट्या क्रमाने कोणी बघत नाही.

केरीकर
सगळ्यांचे आभार! काल डरहॅमवालीच्या क्रमाने गेलो. डीफोर्डची आगगाडी लेकीने तीनदा मागे नेली. सासूबाई विचारत होत्या, हा श्वास कधी घेतो. बँजो बाहेर आलाय, पण कपाट सरकवताना आखूड तार तुटली. सुटी तार कुठे मिळेल?

डरहॅमवाली
सुटी शोधत बसू नका, संच मागवा. पहिली आणि पाचवी, म्हणजे ही आखूड, तार बहुतेक संचात एकाच जाडीची असते. फक्त टोकाला फास आहे की गोळी, ते जुन्या तारेवर बघून घ्या.