लग्न झालं, फी मात्र अजून आम्हीच भरतो: टॅक्समध्ये मुलगी कुणाकडे?

नमस्कार मंडळी,

मुलीचं लग्न गेल्या डिसेंबरात पुण्यात झालं. ती २२ वर्षांची, इथलीच म्हणजे अमेरिकेची नागरिक, कॉलेजचं शेवटचं वर्ष. फी, हॉस्टेल, फोन सगळं आमच्याकडेच आहे. तिची स्वतःची कमाई नाही. जावई म्हणतात, आम्ही दोघं एकत्र रिटर्न भरतो. ह्यांचं म्हणणं, खर्च आपला, तर डिपेंडंट (आपल्यावर अवलंबून) म्हणून आपणच दाखवायची. नवी सोयरीक आहे, पैशावरून मनं दुखावायला नकोत. कुणी नीट सांगेल का?

---

ताई, आधी दोघांना मनापासून आशीर्वाद.

लग्न ३१ डिसेंबरच्या आत लागलं, मग ते पुण्यात का असेना, आयआरएसच्या (अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या) लेखी ती दोघं सबंध २०२५ साठी विवाहित. 'सिंगल' हा पर्याय संपला. आता एकत्र भरा नाहीतर वेगवेगळं.

२४ च्या आतली पूर्णवेळ विद्यार्थिनी, स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः उचलत नाही, म्हणून ती तुमची डिपेंडंट ठरू शकते. हॉस्टेलमधले महिनेही घरी राहिल्यासारखेच धरतात. पण तिने नवऱ्याबरोबर एकत्र रिटर्न भरला की तुमचा हक्क जातो. फक्त कापलेला टॅक्स परत मिळवायला भरलेल्या रिटर्नला सूट आहे, तीही दोघांपैकी कुणालाच टॅक्स लागत नसेल तर. जावई पगारदार, त्यामुळे ती इथे बहुधा लागू होणार नाही.

आता आकडे बघा. समजा जावयांचा पगार ८०,००० डॉलर. एकत्र भरलं तर ३१,५०० ची स्टँडर्ड वजावट (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) आणि फेडरल म्हणजे केंद्राचा टॅक्स साधारण ५,३४०. वेगळं भरलं तर वजावट १५,७५० आणि टॅक्स ९,०५० च्या घरात. शिवाय फी तुम्ही भरली तरी ती मुलीनेच भरली असं धरून २,५०० पर्यंतचं शिक्षणाचं क्रेडिट (टॅक्समधूनच थेट वजा होणारी सूट) त्यांना घेता येतं. वेगळं भरणाऱ्यांना ते मिळतच नाही. तुमच्या बाजूला डिपेंडंटमुळे मिळणारं ५०० डॉलरचं क्रेडिट. शिक्षणाचं क्रेडिट तुम्हाला मिळू शकतं, पण तुम्हा दोघांचं उत्पन्न १,८०,००० च्या वर असेल तर शून्य. मला तरी जावयांचं बरोबर वाटतं. तुमचे ५०० त्यांनी तुम्हाला दिले तरी ती दोघं फायद्यातच राहतील.

एक कळकळीची विनंती: चौघांनी बसून हिशोब होईपर्यंत कुणीही ई-फाइल करू नका. दोन्हीकडे तिचा सोशल सिक्युरिटी नंबर गेला की मागाहून आलेला रिटर्न फेटाळला जाऊ शकतो. वेगळे भरलेले रिटर्न तीन वर्षांच्या आत एकत्र करता येतात, पण एकत्र भरलेला रिटर्न १५ एप्रिलनंतर वेगळा करता येत नाही.

आणि तुमच्या ह्यांना सांगा, आरोग्य विम्याचा याच्याशी संबंध नाही. लग्न झालं तरी २६ पर्यंत ती तुमच्या पॉलिसीवर राहू शकते.

---

ताई, तुम्ही टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात आहात का? मुलगी-जावई तिथे राहत असतील, तर वेगळं भरताना लग्नानंतरची कमाई दोघांत निम्मी-निम्मी धरावी लागते. डिसेंबरचा पगार तेवढा वेगळा काढून ठेवायला सांगा.