ॲव्हरेजची वही ठेवावी का? ८४ टाक्यांनंतर माझं मत

जुळे सोलापूरकर (धागाकर्ता)

मंडळी, आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" उत्तर देणारा एक तर कंपनीचा आकडा सांगतो, नाही तर स्क्रीनवरचा. माझ्या मते हे दोन्ही आकडे तुमच्या गाडीचे नाहीत. तुमच्या गाडीचा आकडा वहीतच मिळतो, आणि ज्याच्याकडे छोटी गाडी आहे त्या प्रत्येकाने ती वही ठेवावी.

माझी गाडी २०१९ ची, एक लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर. २०२० च्या दिवाळीपासून टाकी फुल केली की चार गोष्टी लिहितो: तारीख, किलोमीटर, किती लिटर बसलं आणि त्या टाकीत गाडी कुठे फिरली. आजवर ८४ नोंदी, ३८,४१२ किलोमीटर, २,२३२ लिटर. भागाकार केला की १७.२. कंपनीचा आकडा २२ च्या वर आहे, स्क्रीन १८.९ दाखवते. स्क्रीन काही लिटर मोजत नाही. इंजिनात पेट्रोल सोडणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून हिशोब मांडते.

पद्धत साधी आहे. पंप एकच, जमलं तर मशीनही तेच. नोझल आपोआप कट झाला की थांबायचं. राउंड फिगरसाठी आणखी दाबायचं नाही, गळ्यापर्यंत तर कधीच नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं. जेवढं बसलं तेवढं आधीच्या किलोमीटरमध्ये जळालं. तरी एका नोंदीवर विसंबू नका. कट लिटरभर मागेपुढे होतो, आणि २५ लिटरवर एक लिटर म्हणजे ४ टक्के. पाच टाक्यांची बेरीज धरली की हीच चूक १ टक्क्याच्या आत येते.

अजून एक. आलेल्या ॲव्हरेजांची सरासरी काढू नका. १०० किलोमीटर गावात १२ ने आणि १०० किलोमीटर हायवेला २० ने गेली, तर सगळे १६ म्हणतात. पण पेट्रोल गेलं ८.३३ अधिक ५, म्हणजे १३.३३ लिटर. २०० भागिले १३.३३, उत्तर १५.

कंपनीचा आकडा मी खोटा म्हणत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेला क्रम चालवतात: १,१८० सेकंद, जास्तीत जास्त वेग ताशी ९०, एसी बंद. सगळ्या गाड्यांना एकच फूटपट्टी लावायची म्हणून ती चाचणी आहे. आमच्या सोलापूरच्या सात रस्ता चौकात संध्याकाळी सहाला अडकलेल्या गाडीचं काय होतं, हे ती सांगू शकत नाही.

आता मला वही का महत्त्वाची वाटते ते. एप्रिल २०२४ मध्ये सलग दोन टाक्या १४.६ च्या आसपास आल्या. रस्ते तेच, मीच चालवणारा, हवा भरलेली. गाडीचा आवाज नाही, कसला दिवा नाही. मिस्त्री म्हणाला, ऊन फार आहे, एसीमुळे असेल. पण आधीच्या तीन एप्रिलमध्ये एसी होताच की, आणि आकडा १६ च्या खाली आला नव्हता. म्हणून मी हट्ट धरला. मोहोळहून परतल्यावर मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर धग लागत होती. ब्रेकचा ड्रम उघडला: त्या चाकाच्या ब्रेकचा सिलिंडर जाम, ब्रेक शू कायम घासत होते. मुलं मागच्या सीटवर बसून आठवडाभर त्याच गाडीतून शाळेत गेली होती. दिवा लागायच्या आधी वहीने सांगितलं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

विजापूर रोड

मला नाही पटत. गाडी नोकर आहे, तिची हजेरी कशाला मांडायची? साधं गणित करू. तुमची गाडी वर्षाला ७,७०० किलोमीटरही पळत नाही. समजा वहीमुळे १७.२ चं १८.२ केलं. वर्षाला वाचलं २४-२५ लिटर. दर १०५ च्या आसपास धरला तर अडीच हजार रुपये. त्यात एक टायर येत नाही. ब्रेकचं म्हणाल तर वेळेवर सर्व्हिसिंग केलं की मिस्त्री ड्रम उघडून बघतोच. वही हा सर्व्हिसिंगला पर्याय नाही, आणि सर्व्हिसिंग करणाऱ्याला वहीची गरज नाही.

जुळे सोलापूरकर

सर्व्हिसिंग जानेवारीतच झालं होतं. सिलिंडर मार्चअखेर धरला असावा. पुढचं सर्व्हिसिंग वर्षाने होतं.

शेंगाचटणी

मला या विषयावर राग आहे आणि तो मी लिहिणार आहे. आमच्या घरातही अशी वही आहे. मे महिन्यात अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघालो. दुपारचे बारा, बाहेर ४३ अंश, मागे माझ्या ७४ वर्षांच्या सासूबाई. वळसंग आलं नाही तोच पुढून हात आला आणि एसी बंद. का, तर "ही टाकी चांगली चाललीये." काचा उघडल्या तर भट्टीसमोर बसल्यासारखी झळ. अक्कलकोटला उतरल्यावर सासूबाई मंदिराच्या पायरीवर बसूनच राहिल्या, त्यांना गरगरत होतं. त्या दिवशी नोंद १९ ची झाली. मी त्या पानाकडे बघू शकत नाही. आकडा लिहायला लागलं की माणूस आकड्यासाठी गाडी चालवतो आणि आतली माणसं विसरतो. धाग्यात याबद्दल एक ओळ नाही.

सात रस्ता स्टँड

ताईंचं खरंय. मी वीस वर्षं लाईनवर गाडी चालवतो. पॅसेंजरने एसी मागितला की द्यायचा, त्याचे पैसे भाड्यात धरायचे. आमच्या स्टँडवर कुणी लिटरला किती असं बोलतच नाही, किलोमीटरला किती रुपये ते बोलतात. त्यात टायर आला, ऑइल आलं, हप्ता आला. पेट्रोल त्यातला एक भाग.

पण वही पाहिजे ओ मालक. आमच्यातली निम्मी पोरं डिझेल टाकून पळायलेत आणि महिन्याच्या शेवटी हातात काय राहिलं ते कळंना झालंय. बाकी तुळजापूरच्या घाटातून येताना न्यूट्रल मारायचं, तेवढं तरी वाचतं.

पार्क चौक

न्यूट्रल नको, दादा. कार्ब्युरेटरच्या काळातली सवय आहे ती. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंधन पूर्ण तुटतं, उतारावर चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन स्वतः जिवंत राहायला पेट्रोल पीत राहतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जातं, आणि उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात. कुणी इंजिनच बंद करत असेल तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. जिवाशी खेळ आहे.

धागाकर्त्याच्या वहीवर माझा आक्षेप वेगळा आहे. गाव, हायवे, घाट, एसी, चार माणसं, एकटा, सगळं एकत्र कालवून १७.२ काढलंय. या आकड्याचा उपयोग काय? उद्या १६ आला तर गाडी बिघडली, की पुतण्याचं लग्न होतं म्हणून गावात चकरा झाल्या?

जुळे सोलापूरकर

म्हणूनच चौथा रकाना आहे, "कुठे फिरली". नुसत्या गावात, म्हणजे घर ते नवी पेठ आणि परत अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या, तिथे माझी गाडी १३.५ देते. सिग्नलचा दोष कमी, थंड इंजिनाचा जास्त. इंजिन तापेपर्यंत घट्ट मिश्रण, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोल, ओढतं, आणि ते तापायच्या आत आपण पोचलेलो असतो. सोलापुरात कुठे थंडी, असं म्हणाल, पण ज्या इंजिनाला ९० अंशांवर काम करायचंय त्याच्यासाठी सकाळचे २५ अंशही थंडच.

हायवेचा रकाना तर मला सगळ्यात आवडतो. पुणे अडीचशे किलोमीटर. ८० ते ९० ने गेलो तर २१, ११० ने गेलो तर १७.५. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे ११० केले की तो जवळपास १.९ पट होतो. आणि वही ठेवली नसती तर हे कधीच कळलं नसतं: जून-जुलैत पुण्याकडे जाताना कमी पडतं, परत येताना जास्त. रस्ता तोच, वेग तोच, माणसं तीच. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, टेंभुर्णीच्या पुढे उघड्या माळावर तो सरळ तोंडावर येतो. तीन वर्षं हेच दिसलं.

पार्क चौक

पुण्याची एक बाजू म्हणजे फक्त १२-१४ लिटर. कट अर्धा लिटर चुकला तरी ४ टक्के. वाऱ्याचा निष्कर्ष त्याच्या आतच असेल.

जुळे सोलापूरकर

वाऱ्याबद्दल तुमचा मुद्दा घेतो. माझा फरक ६ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे अगदी काठावर. वेगाचा फरक मात्र ११.९ विरुद्ध १४.३ लिटर, तो कटच्या चुकीत बसत नाही.

शेंगाचटणी ताई, तुमचं वाचून मी थांबलो होतो. दोन वर्षांपूर्वी मीही आईला घेऊन हेच केलं आहे. चूक होती. त्यानंतर एसीचा खर्च वहीतून काढला: भर उन्हाळ्यात लिटरमागे साधारण दीड किलोमीटर. अक्कलकोट जाऊन-येऊन ८० किलोमीटर, १७.५ ने ४.५७ लिटर, १६ ने ५ लिटर. फरक ४५ रुपयांचा. तुमच्या घरच्या वहीत हा आकडा मोठ्या अक्षरात लिहा. सासूबाईंना ज्या कारणासाठी उन्हात बसवलं, त्याची किंमत ४५ रुपये होती.

शेंगाचटणी

लिहिणार नाही, वाचून दाखवणार. पण माझं मत बदललेलं नाही. तुम्ही आईसाठी हिशोब केलात. बहुतेक लोक हिशोबासाठी आईला बसवतात.

माढेकर

एक विषय कुणीच काढला नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. वहीत फरक दिसला का? मी ऊस लावतो, म्हणून विचारतो.

जुळे सोलापूरकर

दिसला. २०२१ चं ॲव्हरेज १७.७, २०२५ चं १६.८. पाच टक्के घट. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, म्हणून काही घट होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या बनावटीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि ई-१० (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्यांसाठी १ ते २ टक्के असं म्हटलंय. माझी २०१९ ची. माझी मागणी एवढीच की लिटरमध्ये ऊर्जा कमी, तर लिटरचा दरही तेवढा कमी हवा.

माढेकर

गाडी पाच वर्षांनी म्हातारी झाली, ते नाही का धरायचं? मधे ब्रेक घासून गेला, टायर बदलले असतील. सगळं इथेनॉलवर टाकणं बरोबर नाही. आमच्या जिल्ह्यात ऊस किती, कारखाने किती, तुम्हाला सांगायला नको. साखरेचा भाव पडला की आमचं बिल अडायचं. कारखान्याने इथेनॉल सुरू केल्यापासून माझं बिल आधीपेक्षा लवकर आलं, हे माझ्या पासबुकात आहे. तुमची वही तशी माझी वही. तुमचे पाच टक्के मला मान्य, पण तो पैसा आखातात न जाता माढ्याच्या बँकेत आला हेही लिहा.

पार्क चौक

दर कमी करा ही मागणी योग्यच आहे, आणि ती शेतकऱ्याच्या विरोधात नाही. पाच टक्के इथेनॉलचेच हे मात्र वहीतून सिद्ध होत नाही. त्यासाठी त्याच गाडीत, त्याच महिन्यात, दोन्ही इंधनं आलटून पालटून टाकावी लागतील. तशी सोय पंपावर नाही.

जुळे सोलापूरकर

मान्य. "इथेनॉलमुळे" हा शब्द मागे घेतो, पाच टक्के घट ठेवतो. माढेकर, बिलाचं तुम्ही सांगितलंत ते मला माहीत नव्हतं. तरी दराची मागणी मी सोडणार नाही.

सात रस्ता स्टँड

आणि पंपावर माप कमी वाटलं तर भांडत बसू नका. पाच लिटरचं सरकारी शिक्का असलेलं माप प्रत्येक पंपावर असतं, मागायचं, समोर भरायला लावायचं. पाच लिटरला २५ मिली इकडेतिकडे चालतं, त्याच्यावर नाही. आणि हवा सकाळी, टायर थंड असताना. दुपारी हवा बघितली की आकडा फसवतो.

विजापूर रोड

सगळं वाचलं. वही मी ठेवणार नाही, माझा स्वभाव नाही तो. पण एक विचारतो. चार दिवसांपासून गाडी थांबवली की मागून जळका वास येतो, उजवीकडून. क्लच असेल म्हणून सोडून दिलं होतं. चाकाला हात लावून कळेल का?

जुळे सोलापूरकर

हात लावू नका, चटका बसेल. दहा-बारा किलोमीटर चालवून, ब्रेक कमीत कमी मारून थांबा आणि चारही रिमजवळ तळहात न्या. एकाच चाकाची धग इतरांपेक्षा जास्त असेल तर तेच. सपाट जागेवर न्यूट्रलला हँडब्रेक सोडून ढकलूनही बघा, जड जाते का ते. आज रात्री तुळजापूरला वगैरे निघाला असाल तर ही गाडी नेऊ नका. सकाळी आधी मिस्त्रीकडे जा.

विजापूर रोड

सकाळी बार्शीला निघणार होतो. एसटीने जातो.