बेळगावच्या थंडीला नवं जॅकेट कशाला? जुने कपडे, खादी, घोंगडी: तुमचं मत मांडा

टिळकवाडीकर

डिसेंबर लागला की गणपत गल्लीत, खडे बाजारात जॅकेटांचे ढीग लागतात आणि घरात प्रत्येकाला यंदाचं नवीन हवं असतं. माझं मत ठाम आहे: आपल्या थंडीसाठी नवं जॅकेट लागतं अशी माणसं फार थोडी. पहाटे पारा १४-१५ अंशांवर असतो, त्याच दिवशी दुपारी २८-३० होतो. फुगीर जॅकेट दहा वाजता काढून दिवसभर हातावर टाकून फिरावं लागतं. या हवेला एकावर एक चढवता-उतरवता येतील असे कपडे पाहिजेत, आणि ते आपल्या ट्रंकेत, नात्यागोत्यात आधीच पडलेले आहेत.

मी शाळेत जाताना काय घालते ते सांगते. आत हुदलीच्या खादीचा कुडता. त्यावर आईच्या जुन्या इरकलीचं जॅकेट, साडीचे दोन थर घेऊन वाकळीला घालतात तसा धावदोरा घातलेलं. दोन थरांत हवा अडकते, म्हणून ऊब राहते, आणि वजन काहीच नाही. पहाटे स्कूटरवर असेन तर वरून सासूबाईंची लोकरी शाल. आमच्या ह्यांच्याकडे दिरांचा जुना फ्लॅनेलचा शर्ट आणि हातानं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर आहे. दोघांचीही थंडी त्यात निघते.

नवीन घ्यायचंच झालं तर ते कुणी केलं आणि त्याला मजुरी नीट मिळाली का, एवढं कळलं पाहिजे. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपडे कारखान्यांची इमारत कोसळून १,१०० हून जास्त माणसं गेली. आपण स्वस्तात घेतो तसलेच कपडे ती शिवत होती. आणि हे बेळगावात तरी परकं वाटू नये. डिसेंबर १९२४ चं काँग्रेस अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथेच भरलं, आणि गांधीजींचे इथले सहकारी गंगाधरराव देशपांड्यांच्या हुदलीत खादीचं काम अजून चालतं. इतक्या जवळ आहे, तरी आपण जात नाही.

निपाणीचा वाचक

ताई, तुमचा हेतू चांगला आहे. पण मला हे पटत नाही, आणि का ते स्पष्ट लिहितो.

जुने कपडे घालणं आमच्या घरात कधी मतप्रदर्शन नव्हतं. माझी आजी विड्या वळायची आणि वरून एका घरी धुणंभांडी करायची. तिथली उतरलेली लुगडी तिला मिळायची, ती पगारात धरली जायची. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहूनच ठेवलंय की शूद्राला उष्टं अन्न आणि जुनी वस्त्रं द्यावीत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ती जाळली, आणि त्याच दिवसांत आमच्या बायकांना सांगितलं की नीट, स्वच्छ, अंगभर लुगडं नेसा, आपल्या पोशाखावरून कुणी आपल्याला ओळखू नये. नवं कापड अंगावर येणं हा आमच्यासाठी लढा होता. आता दोन-तीन पिढ्यांनी जरा नवीन घेता येऊ लागलं, तर तुम्ही म्हणता नवीन घेऊ नका.

ज्याचं कपाट भरलेलं आहे त्यानं जुनं घातलं की ती आवड ठरते. माझ्या मुलीनं तेच घातलं की लोक आमची परिस्थिती विचारतात.

टिळकवाडीकर

तुमचं शेवटचं वाक्य खरं आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवूया. मालकिणीनं दिलेलं लुगडं पगारात धरणं ही पिळवणूक आहे, ती जुन्या कापडाच्या नावावर खपवता येणार नाही. मी सांगते आहे ते आमच्यासारख्यांना, ज्यांची कपाटं उघडली की कपडे अंगावर पडतात. आम्ही जुने कपडे बोहारणीला देऊन पातेलं घेतो, किंवा दिवाळीला कामवाल्या मावशींच्या हातात ठेवतो आणि दान केलं म्हणून समाधान मानतो. त्याऐवजी ते आपणच घालून संपवावेत. द्यायचंच तर मावशींना नवीन द्यावं. जुनं वापरण्याची पाळी आपली आहे.

निपाणीचा वाचक

हे आधी लिहायला हवं होतं. हे मान्य आहे. मुलीला मात्र नवीनच घेणार.

वडगावचा मागवाला

मी घरात चार यंत्रमाग चालवतो. २०१९ च्या पुरात वडगाव, खासबागेत पाणी शिरलं, बीम (मागावरचे सुताचे रूळ) भिजले, सूत कुजलं. मग लॉकडाऊनला तयार साड्या घरात पडून राहिल्या. आता सुरतेचा माल आमच्यापेक्षा स्वस्त येतो. अशात शिकलेली माणसं पण नवीन घेऊ नका म्हणायला लागली तर आमचा खडखडाट बंद पडायचा. आम्हाला मजुरी साडीमागे मिळते. साडी खपली नाही की व्यापारी पुढचा बीम देत नाही, एवढा सरळ हिशोब आहे बघा.

आणि एक विचारतो. हातमाग, खादी म्हटलं की सगळे न्याय्य म्हणतात. आम्ही घरातच, घरच्याच माणसांनी विणतो, पण यंत्रावर. आमचं काय?

टिळकवाडीकर

दादा, घरातला माग आणि विणणाऱ्याला मजुरी, मग तो हातानं चालू दे की विजेवर, माझ्या लेखी न्याय्यच. मी टाळा म्हणते ते ॲक्रिलिकचं जॅकेट. तो प्लास्टिकचाच धागा आहे, धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात, आणि दोन हिवाळ्यांत त्याला गोळे येतात. त्यातला एक रुपयाही वडगावला येत नाही. तुमच्याकडची साडी मी वीस वर्षं नेसेन आणि मग तिचं जॅकेट शिवेन.

वडगावचा मागवाला

वीस वर्षं टिकवणारं गिऱ्हाईक वीस वर्षांत एकदाच येतं, ताई.

कॅम्पातला

जुन्या कपड्यांच्या धंद्याबद्दल. बाजारात ढिगाऱ्यात मिळणारे परदेशी कोट, जॅकेटं सगळी ‘पर्यावरणपूरक’ समजू नका. वापरलेले कपडे आयात करायला आपल्याकडे परवाना लागतो. लोकरीच्या चिंध्या पानिपतला जातात, तिथे रंगवार वेगळ्या करून, फाडून, पुन्हा सूत काढून स्वस्त ब्लँकेटं होतात. धडधाकट कोट मात्र वाटेतून बाजारात उतरतात. म्हणजे श्रीमंत देशांनी टाकलेलं आपण पैसे देऊन घेतो. नात्यातलं जुनं आणि हे जुनं एका पारड्यात घालू नये. थंडीत मुंडगोडकडचे तिबेटी लोक स्वेटर विकायला येतात, माल बहुतेक लुधियानाचा असतो. मी त्यांच्याकडून नवीन घेतो, आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही. त्या निर्वासितांतल्या बऱ्याच जणांचं वर्षाचं पोट त्या दोन-तीन महिन्यांवर असतं.

शहापूर टेलरिंग

मी शिवणकाम करते, म्हणून कामाचं लिहिते. खासबागच्या रविवारच्या बाजारात किंवा कुणाचं जुनं घेताना आधी काख, कॉलर आणि कोपर बघा. तिथे कापड विरलं असेल तर सोडून द्या. शिवण उसवलेली चालते, कापड विरलेलं चालत नाही. चेन गेली, बटणं गेली हे बदलून मिळतं. शिवणीत दाब (आत सोडलेलं जादा कापड) कमी असेल तर कपडा सैल करता येत नाही, म्हणून घ्यायचा तर एक माप मोठा घ्यावा, आत घेणं सोपं. लोकरीचं असेल तर उजेडाकडे धरून बघा, कसर लागली असेल तर बारीक भोकं दिसतात. घरी आणून कडक ऊन द्या. सुती गरम पाण्यात धुवा, लोकरीला गार पाणी आणि रिठा. पिळायचं नाही, सावलीत पसरून वाळवायचं.

मेलेल्या माणसाचा कपडा घालू नये म्हणतात. माझ्याकडे बाबांचा कोट घेऊन मुलं येतात, आणि बारीक करून घालतात. मला ते फार आवडतं.

खानापूरकडचा

तुम्ही सगळे शहराचं बोलताय. जांबोटी, कणकुंबीकडे या जानेवारीत. पहाटे दव इतकं पडतं की सुती कपडा ओला होऊन अंगाला चिकटतो, आणि ओल्या सुतानं थंडी जास्त वाजते. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. म्हणून आमच्या रानातला माणूस घोंगडीची खोळ घेतो.

दख्खनी मेंढीची ती काळी लोकर, वर्षाला दोनदा कातरायची, सनगर लोक खड्ड्यातल्या मागावर विणणार, मग चिंचोक्याची खळ. आज त्या लोकरीला भाव नाही, कातरायची मजुरी निघत नाही म्हणून धनगर ती टाकून देतात. आणि आपण तिकडून दुकानात जाऊन ॲक्रिलिक घेतो! टोचते ही तक्रार मला माहीत आहे. मी जुन्या घोंगडीचं बिनबाह्यांचं जॅकेट करून घेतलंय, आत धुतलेल्या सुती साडीचं अस्तर. टोचत नाही. वारा आत येत नाही.

शहापूर टेलरिंग

मशीनला १८ नंबरची सुई लावा आणि टाका लांब ठेवा, नाहीतर सुया मोडतात. कडा दुमडू नका, फार जाड होतात, सुती पट्टी लावून घ्या.

निपाणीचा वाचक

जुन्याबद्दलचं माझं म्हणणं तेच आहे. पण नव्या घोंगडीचं जॅकेट मुलीला घ्यायला मी तयार आहे. विणणाऱ्याकडून, पूर्ण पैसे देऊन. कुठे मिळेल?

खानापूरकडचा

तुम्हाला पट्टणकोडोली जवळ पडेल. घोंगडी विणणारी घरं आहेत तिथे. मुलीला बरोबर न्या, आणि मऊ हवी असेल तर कोकराच्या पहिल्या कातरणीची मागा. ती महाग असते, भाव पाडू नका.