छापील फूल रंगवायला द्यावं का?

गोकर्ण (धागाकर्ती)

मुलगी ज्युनिअर केजीत आहे. शाळेतून जवळजवळ दर आठवड्याला फुलाचं छापील चित्र घरी येतं. मधे गोल, भोवती पाच गुबगुबीत पाकळ्या, खाली देठ आणि दोन पानं. सोबत सूचना असते: पाकळ्या लाल, मधला गोल पिवळा, पानं हिरवी, रंग रेषेबाहेर जाऊ देऊ नये. आमच्या दारात गोकर्णाचा वेल आहे, म्हणून तिने पाकळ्या निळ्या केल्या. शेरा आला, ‘सूचनेप्रमाणे करावे’. तेव्हापासून ती मला विचारते, "हा रंग चालेल ना?" चार वर्षांच्या मुलीने फुलाचा रंग विचारून ठरवावा, याचा मला खरोखर त्रास होतो.

माझं मत असं की पहिलीपर्यंत ही छापील फुलं बंदच करावीत. मुळात असं फूल कुठे असतं? जास्वंदीच्या मधोमध पिवळा गोल नसतो. तिथून एक लांब दांडा बाहेर येतो, त्यावर पिवळे परागकण आणि टोकाला पाच छोटे ठिपके. पारिजातकाची गंमत त्याच्या केशरी देठात आहे. तगरीच्या पाकळ्या भिंगरीच्या पात्यांसारख्या एकाच अंगाला वळलेल्या असतात. झेंडूत तर पाकळ्या मोजायलाच बसू नये, कारण ते अनेक लहान फुलांचं मिळून एक झालेलं असतं. हे सगळं अंगणात, देवघरात, बाजारात असताना आपण मुलांना कुठेच न फुलणारं फूल रंगवायला बसवतो.

आणि हे सुचवायला परदेशी पद्धती आणाव्या लागत नाहीत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर ते कोसबाडला नेलं. महागडी साधनं बाजूला ठेवून पानं, फुलं, बिया, शंख-शिंपले यांतून त्यांनी मुलांना शिकवलं. ऐंशी वर्षांनी आपण झेरॉक्सवर आलो आहोत.

बालवाडीची ताई

शेरा चुकलाच, त्यात वाद नाही. पण दोष सूचनेचा आहे, चित्राचा नाही. ‘बंदच करा’ म्हणणं मला अजिबात पटत नाही.

माझ्या वर्गात पस्तीस-चाळीस मुलं आणि मदतीला एक मावशी. कित्येकांच्या घरी खडूची पेटी नसते, वर्गात मिळतो तोच रंग. कोरा कागद दिला की काही मुलं लगेच सुरू करतात. काही मात्र बोट तोंडात घालून बसतात, "ताई, मला नाही येत" म्हणतात. त्यांना बाह्यरेषा मिळाली की हात हलायला लागतो. शेवटी कागद घरी नेऊन आईला दाखवतात, तेव्हाचा त्यांचा आनंद मी रोज बघते.

हात वळण्यासाठी हद्दीत रंग भरणं जुनंच आहे. माँटेसरी पद्धतीत धातूच्या चौकटी असतात. मूल आकार गिरवतं आणि आतला भाग पेन्सिलीच्या रेघांनी भरतं. लिहिण्याआधीची तयारी असते ती. आपल्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळी तरी काय आहे? आकार बांधून घ्यायचा आणि रंग आत भरायचा. त्याने कुणाची कल्पनाशक्ती मेली?

कलाशिक्षक, सातारा

ताई, रांगोळीचं उदाहरण तुमच्याविरुद्ध जातं. तिथे ठिपके आपणच देतो, जोडतोही आपणच. भरायचा आकार भरणाऱ्याच्याच हाताने झालेला असतो. माँटेसरी चौकटीतही मूल आधी स्वतः गिरवतं, रंग स्वतः निवडतं, आणि तो भौमितिक आकार असतो. ‘फूल असं दिसतं’ असं तो सांगत नाही.

मी पाचवीपासून पुढच्या मुलांना शिकवतो. टेबलावर तगरीची फांदी ठेवून "हे काढा" म्हटलं, तरी बहुतेकांच्या कागदावर तेच गोल-पाच-पाकळ्या-दोन-पानं येतं. समोरचं फूल बघायची गरजच त्यांना वाटत नाही, कारण फुलाचं उत्तर आधीच पाठ झालेलं असतं. ते उत्तर पुसायला मला वर्षं लागतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ सालीच रंगवायच्या पुस्तकांवर हाच आक्षेप घेतला होता: मूल स्वतःचं पक्षी-झाड काढायचं सोडून छापील आकृतीशी तुलना करतं आणि स्वतःवरचा विश्वास घालवतं.

हात वळवण्याबद्दल. मूल साधारण तिसऱ्या वर्षी गोल काढतं, चौकोन चौथ्याच्या आसपास, त्रिकोण पाचव्याच्या. तीन वर्षांचं मूल रंगवतं ते खांद्यातून आणि कोपरातून. त्याला बोटभर पाकळीत रंग कोंडायला लावणं हा अन्याय आहे. वर्तमानपत्राएवढा कागद जमिनीवर पसरा. खडू मोडून पेराएवढा तुकडा द्या, तो मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांची पकड आपोआप येते. त्यासाठी छापील पाकळी लागत नाही.

बालवाडीची ताई

खडूच्या तुकड्याचं खरं आहे, आम्ही तेच करतो. पण सर, तुमच्याकडे मुलं दहाव्या वर्षी येतात, माझ्याकडे आईचा पदर सोडून आलेली. तुम्हाला दिसतं ते निव्वळ छापील कागदाचं फळ, असं कशावरून? घरातल्या मोठ्यांनी "ये, तुला फूल काढून दाखवते" म्हणून तेच पाच पाकळ्यांचं फूल काढून दिलेलं असतं. टीव्हीवर तेच, दप्तरावर तेच.

आणखी एक, कारण इथे सगळे ‘खरं फूल द्या’ म्हणत आहेत. सगळीच फुलं लहानांच्या हाती द्यायची नसतात. कण्हेर, बिट्टी, धोतरा विषारी आहेत आणि शाळांच्या कुंपणाला कण्हेर सर्रास असते. या वयात हातातली वस्तू तोंडात जातेच. बाजारच्या फुलांवर फवारणी असते. जास्वंद, झेंडू दाखवावेत, पण हात धुवायला नळ जवळ हवा. हे वर्ग चालवणाऱ्याला विचारा.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवतो. जानेवारीत बाहेर बर्फ असताना मी पारिजातक कुठून आणू? आमच्या मुलांना मोगरा, अबोली, सोनचाफा ही नावंच चित्रातून कळतात. माझं मत छापील चित्राच्या बाजूने आहे, पण चित्र त्या फुलाचं हवं. पारिजातकाचं देठ लांब दाखवा, सोनचाफ्याच्या पाकळ्या लांबट. मी स्वतः काढून प्रती करतो. मुलं विचारतात, "देठ ऑरेंज का?" आणि मग आजीशी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास फुलांवर बोलणं होतं.

सायली_पुणे

माझा मुलगा स्वमग्न आहे. त्याला कोरा कागद त्रासदायक वाटतो, ठळक रेषेचं चित्र त्याला शांत करतं. थेरपिस्टच्या सांगण्यावरून मी रेषेवर गोंदाने लोकर चिकटवते, म्हणजे खडू कडेला अडतो आणि हद्द बोटांना कळते. सरसकट बंदीची भाषा करताना अशा मुलांना मोजा, ही कळकळीची विनंती.

नातवंडांची आजी

दोन्ही बाजू वाचल्या. मी कोऱ्या कागदाच्या बाजूची, पण कागदाआधी रंग कुठून येतो ते मुलांना दाखवा. गोकर्णाची फुलं गरम पाण्यात टाकली की निळं पाणी होतं. त्यात लिंबू पिळा, जांभळं-गुलाबी होतं. नातू ओरडतोच! हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना पडला की लाल. चुना मात्र मोठ्यांनीच घालायचा, डोळ्यांना वाईट. फाल्गुनात पळसाची फुलं उकळा, केशरी पाणी मिळतं. निशिगंधाची ताजी दांडी खायच्या रंगाच्या पाण्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी पाकळ्यांच्या कडांवर रंग चढलेला दिसतो. देठ पाणी पितो हे वेगळं शिकवावं लागत नाही. आणि भेंडीचं बूड आडवं कापून छाप उठवला की पाच कोनांचं फूल तयार. त्याच्या आत-बाहेर मुलं हवं ते रंगवतात. भाजीवालीकडची एक जून भेंडी पुरते.

गोकर्ण (धागाकर्ती)

सायलीताई, तुमच्या मुलाला त्याची रेष हवीच. मी ‘सगळ्यांसाठी बंद’ म्हटलं होतं, ते मागे घेते. कण्हेरीचा मुद्दा मी पालकसभेत मांडणार आहे, आमच्या शाळेच्या फाटकाजवळच आहे.

पण ताई, एक मुद्दा सोडत नाही. चित्र द्यायचं असेल तर रंगाची सूचना नको, ‘छान’, ‘अस्वच्छ’ असे शेरे नकोत. आणि निदान तेवढीच कोरी पानंही घरी यावीत. सध्या येतच नाहीत.

बालवाडीची ताई

सूचना आणि शेरे काढायला मी आजच तयार आहे. निम्मी कोरी पानं मात्र लगेच जमणार नाहीत. कोरं पान घरी गेलं की पालक विचारतात, "आज शाळेत काही शिकवलं नाही का?" गिचमिडीच्या कागदावर मूल काय म्हणालं ते आम्ही मागे लिहून पाठवतो, तेव्हा कुठे काहीजण तो ठेवून घेतात. तुमच्या सभेत हेही बोला. भेंडीचा छाप सोमवारी करून बघते, चाळीस मुलांत किती भेंड्या लागतात ते कळवते.