टॉवर, कबुतरं आणि बी-विंगची डक्ट

सेक्रेटरी: गच्चीवरच्या मोबाईल टॉवरचा करार संपतोय. रविवारी १० वाजता मीटिंग. या सगळे, नाहीतर कोरम होत नाही आणि मग इथे ग्रुपवर भांडणं.

ए-७०३: रिन्यू करायचा नाही म्हणजे नाही. आमच्या डोक्यावर आहे तो. हिचं रोज सकाळी डोकं धरलेलं असतं. वर व्हिडिओ टाकलाय, बघा.

सी-१०२: भाडं बंद झालं की मेंटेनन्स वाढेल, मग आमचंही धरेल.

ए-७०३: पहिल्या मजल्यावर बसून बोलायला काय जातं!

बी-४०४: दादा, ८ वर्षं टॉवरवरच काम केलंय मी. अँटेनाचा मारा आडवा, लांब जातो. बरोब्बर खाली कमीच, दिव्याखाली अंधार म्हणतात ना तसं. आणि २०१२ मध्ये आपल्या देशात टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. शंका असेल तर सरकारच्या 'तरंग संचार' पोर्टलवर ४००० रुपये भरा, घरी येऊन मोजतात.

ए-७०१: मग जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने या लहरींना कॅन्सरच्या यादीत कशाला घातलंय?

बी-४०४: २०११ मध्ये, '२बी' गटात. म्हणजे शक्यता नाकारत नाहीत, पण पुरावा तोकडा. वहिनी रात्री खिडक्या बंद ठेवतात का?

ए-७०३: हो, टॉवरमुळेच. आणि डास आहेत म्हणून कॉइल.

बी-४०४: बंद खोलीत कॉइल?? २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघाले होते. आधी ती बंद करून बघा आठवडाभर.

बी-२०३ काकू: माझाही विषय घ्या अजेंड्यावर. डक्टमधली, म्हणजे पाइपांच्या उघड्या पोकळीतली कबुतरं. सासूबाईंचा खोकला चार महिने हटेना. डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं, तर घराजवळ कबुतरं आहेत का. एसीच्या बाहेरच्या युनिटवर चार बोटं थर आहे, या बघायला. स्कॅनमध्ये फुफ्फुसाला सूज. दाणे टाकू नका म्हणून तीनदा लिहिलंय मी इथे.

ए-७०३: काकू, ते पुण्याचं काम आहे. आमच्या आईने जन्मभर टाकले, काही झालं नाही तिला.

बी-२०३ काकू: नाही झालं, देवाची कृपा. सगळ्यांना होत नाहीच. वाळलेल्या विष्ठेची धूळ नाकातून जाते, ज्याला बाधायची त्याला बाधते. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली ती हौस म्हणून नाही.

ए-७०३: दोन्हींत फरक आहे. टॉवर आम्हाला न विचारता बसवला.

बी-२०३ काकू: आणि दाणे मला विचारून टाकता का?

(बराच वेळ कोणीच काही लिहिलं नाही.)

सेक्रेटरी: विषय १ टॉवर, विषय २ डक्टला जाळी. जाळीचा खर्च टॉवरच्या भाड्यातून करता येईल.

ए-७०३: आधी मोजणीचे ४००० कोण भरणार ते ठरवा.