मदत हवी आहे: 'फोर्थ विंग'चा पुढचा भाग वाचावा का?

रिबेका यारोसची 'फोर्थ विंग' (2023) ही ड्रॅगनस्वारांची फॅन्टसी कादंबरी वाचून संपवली, पण मत काही ठरत नाहीये. सुरुवात जबरदस्त! पावसात अरुंद दगडी पूल ओलांडायचा, पडला तो मेला. त्यातही नायिका व्हायोलेट आपला एक बूट नुकत्याच भेटलेल्या मुलीला देते, तिथेच मी अडकले. टेर्न हा खडूस ड्रॅगन तर मला नायकापेक्षा जास्त आवडला. पण हा नायक, झेडन, समोर आला की व्हायोलेटबाईंची अक्कल गहाण! तेच ते उसासे, तीच धडधड. बरीच पानं नुसती चाळली. राजकारण मात्र शेवटी घाईघाईत उरकलंय.

'आयर्न फ्लेम' आणि 'ऑनिक्स स्टॉर्म' हे पुढचे भाग वाचलेल्यांनी सांगा ना, तिथे ड्रॅगन आणि राजकारणाला जास्त जागा मिळते का? रहस्य मात्र फोडू नका, प्लीज.