आधी आजोळ, मग तंबू

मुलांच्या उन्हाळी सुट्टीत आजोळ, शिबिर की तंबू, या चर्चेत 'चार वर्षांच्या पोराला तंबूत नेणं म्हणजे आईबापांनाच शिक्षा' असं कुणीतरी लिहिलंय, ते निम्मं पटलं. आमची पहिली रात्र तशीच गेली. पवना धरणाच्या काठी, एप्रिलात. शेजारच्यांचा स्पीकर रात्री दीडपर्यंत चालू, आणि लेक दर अर्ध्या तासाने तंबूची चेन उघडून, "बाबा, घरी कधी जायचं?"

पुढच्या वर्षी नुसता क्रम बदलला, तो मुद्दा इथे अजून कुणी मांडलेला दिसला नाही. आधी आजोळ, तंबू सगळ्यात शेवटी. गुहागरला मामाकडे ती दहा दिवस खळ्यात मच्छरदाणीत झोपली. रातकिडे, झावळ्यांची सळसळ, मध्येच धप्पकन पडणारा आंबा, सगळ्याची सवय झाली. मग पुण्यात सकाळचं शिबिर (निष्पन्न: मातीचा एक बैल, हरवलेल्या दोन पाण्याच्या बाटल्या). आणि शाळा उघडायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदरा. काजवे तिथे साधारण मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत दिसतात. जोराचा पाऊस लागला की संपलं. शनिवार-रविवार मात्र टाळाच, घाटघरच्या रस्त्यावर नुसत्या गाड्यांच्या रांगा असतात. टॉर्चही बंद ठेवा. नर-मादी एकमेकांना लुकलुकण्यावरूनच शोधतात, आपल्या उजेडात त्यांचा सगळा घोटाळा होतो. अख्खं हिरड्याचं झाड एका तालात पेटत-विझत होतं. लेक कुजबुजली, "बाबा, हळू बोल, बंद होतील." त्या रात्री चेन एकदाच उघडली, तीही शू लागली म्हणून.